नाव पातेल्यावर, टाके गोधडीत

आमच्याकडे तांदूळ मोजायला एक स्टीलचं पातेलं आहे. काठाच्या खाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत आईचं माहेरचं नाव, 'विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट', देणाऱ्या गृहस्थांचं नाव आणि साल १९६८. हे गृहस्थ कोण, ते आता घरात कुणालाच सांगता येत नाही. त्याच घरात पत्र्याच्या ट्रंकेत एक गोधडी आहे, जिच्यात आम्ही तिघं भावंडं वाढलो. ती आजीनं शिवली की तिच्या धाकट्या जावेनं, यावरून दर दिवाळीच्या साफसफाईत वाद होतो. पातेल्याला नाव आहे पण माणूस आठवत नाही. गोधडीचं नेमकं उलटं.

हातानं केलेल्या भेटवस्तूंचा आढावा घ्यायला बसलो तेव्हा वाटलं होतं, भेटकार्डांपासून सुरुवात करावी आणि हळहळ व्यक्त करून थांबावं. पण भेटकार्डाच्या जन्मकथेतच एक गंमत आहे. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात येणाऱ्या पत्रांना उत्तरं लिहीत बसायला वेळ नव्हता. ब्रिटनमध्ये १८४०पासून एका पेनीत पत्र जाऊ लागलं होतं, आणि त्या सुधारणेला कोल यांचाच हातभार लागला होता. पत्रांचा हा पूर अंगावर आल्यावर त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग. म्हणजे भेटकार्ड निघालं ते हातानं लिहिण्याचे कष्ट वाचवायला. चित्र छापील असलं तरी रंग मात्र प्रत्येक प्रतीत हातानं भरलेले होते. हॉर्स्लींचं नाव इतिहासात राहिलं, रंग भरणाऱ्याचं कितीजणांना माहीत आहे?

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. पुढे कित्येक वर्षं मराठी घरांतल्या दिवाळीच्या शुभेच्छा त्यावरच गेल्या. वर मध्यभागी 'श्री', खाली 'सा. न. वि. वि.', आणि मजकूर संपला की उरलेल्या कडेला आडवं लिहिलेलं 'मुलांना आशीर्वाद'. छापील कार्डांची खरी लाट मागाहून आली. १९७९ हे साल या बाबतीत मजेशीर आहे. त्या वर्षी दिल्लीत आर्चीज सुरू झालं, आणि त्याच वर्षी मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर 'क्राय' ही संस्था काढली, जिचे पैसे सुरुवातीला भेटकार्डं विकूनच उभे राहिले. त्याआधीपासून युनिसेफची कार्डं होतीच. त्यांतलं पहिलं चित्र १९४९ सालचं, युद्धानंतरच्या मदतीबद्दल आभार म्हणून चेकोस्लोवाकियातल्या सात वर्षांच्या मुलीनं काढलेलं. तिच्याकडे कागद नव्हता, म्हणून तिनं काचेवर रंगवलं. भेटकार्डांच्या सगळ्या इतिहासात मला हेच एक मनापासून आवडतं.

शाळेत आम्ही केलेली कार्डं मात्र कुठल्याच इतिहासात बसायची नाहीत. ड्रॉइंगचा कागद मधोमध दुमडायचा, भेंडीचा देठाकडचा तुकडा कापून फुलांचे ठसे उठवायचे, नाहीतर पिंपळाचं पान ठेवून जुन्या टूथब्रशनं कंगव्यावरून शाई उडवायची. मग खळीची बोटं पुसायच्या आत चमकी पेरायची. सगळ्यात वरचा मान लग्नपत्रिकेतल्या गणपतीचा. वर्षभराच्या पत्रिका याच कामासाठी जपलेल्या असत, आणि कापलेल्या गणपतीच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी लग्नाचं हळदकुंकू लागलेलं असे. आतल्या मजकुरात दरवर्षी तेच चार शब्द. कार्ड मामाकडे पोचलं की त्याच्या काचेच्या कपाटात तुळशीच्या लग्नापर्यंत उभं राही आणि मग नाहीसं होई. मामाला यात दोष देता येत नाही. शुभेच्छा वाचून झाल्यावर कार्डाला करण्यासारखं दुसरं काम उरत नाही.

कागदाची आपली परंपरा मात्र मोठी आहे. मराठेशाहीच्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई. दौलताबादेजवळचं कागझीपुरा आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा ही नावं तिथं काय होई ते अजून सांगतात. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या आग्रहातून पुण्यात १९४० साली हातकागदाची संस्था उभी राहिली आणि तिचं उद्घाटन जवाहरलाल नेहरूंनी केलं. हातकागदाला लाकडाचा लगदा लागत नाही, सुती कापडाच्या चिंध्या आणि कातरण चालतं. कुटून, भिजवून, जाळीवर उचलून, दाबून, वाळवून मग ताव तयार होतो. आजची हातकागदाची कार्डं आणि पिशव्या याच रीतीनं होतात. अंगरख्याची चिंधी अखेर पत्राच्या कामी येते, हे मला त्या कार्डावर छापलेल्या कुठल्याही शुभेच्छेपेक्षा जास्त शुभ वाटतं.

आता वेष्टन. रंगीत छापील गिफ्ट पेपरचा धंदा अमेरिकेत एका अडचणीतून निघाला असं सांगतात. १९१७ साली कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला साधा पातळ कागद नाताळाच्या तोंडावर संपला. त्यांनी पाकिटांच्या आत लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद दहा सेंटला एक ताव असा विकायला ठेवला आणि तोही हातोहात गेला. पुढे हॉलमार्क झालेली कंपनी ती हीच. तो कागद ओरबाडून फेकण्यासाठीच असतो. आपल्याकडे गुंडाळायचं ते शक्यतो पुन्हा कामाला येईल असंच असे. फूलवाल्याकडची पुडी पानात बांधून दोऱ्यानं आवळलेली. ओटीच्या नारळासोबत दिलेल्या खणाची चोळी व्हायची. पोथी रुमालात बांधायची, आणि पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्यांना तर आजही 'रुमाल'च म्हणतात. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशवी पुन्हा हातात आली तेव्हा अनेकांना ती नवी कल्पना वाटली!

आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया मात्र या सगळ्यांत अगदी आपला. शंभरावर एक, पाचशेवर एक. आत नोटा, बाहेर नाणं. ती पाकिटं उघडताना कुणीतरी मांडी घालून आहेराची वही लिहीत असे. आमच्याकडे आत्याच्या लग्नाची अशी वही आहे. तीत रकाने आहेत: गाव, नाव, रक्कम किंवा वस्तू. 'पितळी तांब्या एक', 'लोटी-भांडं', 'स्टीलचा डबा, झाकणासह'. पुढे पितळेची भांडी मोडीत घालून स्टील घ्यायची टूम आली, तेव्हा त्यांवरची नावंही वितळली. वहीतल्या सगळ्या नावांत बाईचं नाव शोधलं तर तीन सापडली, त्यांतल्या दोन विधवा.

हाताचं खरं काम ज्या भेटींत आहे त्या मात्र या वहीत येतच नाहीत. बाळंतविड्यातली झबली, टोपडी, दुपटं आणि कुंची घ्या. मऊ व्हावी म्हणून जुन्या सुती साडीची झबली बेततात, आणि शिवण बाळाला टोचू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूला घेतात. पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने घ्या. मंद शेगडीवर परातीत तीळ किंवा साबुदाण्याचे दाणे बोटांनी हलवत राहायचं, पाक थोडा थोडा सोडायचा, घाई केली की काटा येत नाही. बोटं भाजतात, दिवस जातात, आणि हार, बांगड्या, बिंदी घातलेल्या मुलाचा बोरन्हाणाच्या दिवशी एक फोटो निघतो. दागिने नंतर दमट होऊन चिकटतात. फोटो राहतो, त्याच्या मागे मुलाचं नाव आणि तारीख. दागिने कुणी केले ते लिहायचं कुणालाच सुचलेलं नसतं.

रवि वर्मा यांच्या छापील देवचित्रांवरही हाच हात आहे. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि मग मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीची ही चित्रं घरोघर पोचल्यावर अनेक ठिकाणी त्यांना जर, टिकल्या, मणी आणि कापड लावून 'नेसवलं' गेलं. संग्रहालयांत अशी चित्रं आज मानानं लावतात. खाली चित्रकार आणि छापखाना नोंदलेला असतो, पदर शिवणारीचं नाव बहुतेक वेळा नसतंच. वारली चित्रांचं तर काय सांगावं! लग्नातला चौक सवासिनींनी भिंतीवर काढायचा, तो जपून ठेवण्यासाठी नसेच. १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर झालं आणि ते रास्तच झालं. पण आज दुकानातल्या प्रत्येक तिसऱ्या कार्डावर जे तारपा नृत्य असतं, ते ज्या परंपरेतून आलं तिथल्या बायका त्या कार्डाच्या मागच्या बाजूलाही दिसत नाहीत.

रुखवत हा एक अपवाद म्हणावा लागेल. क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, पुठ्ठ्याची सप्तपदी, आणि शेजारी चिठ्ठी: 'कु. अमुक हिने स्वहस्ते केलेले'. मुलीला हातकाम येतं हे सासरच्यांना दाखवायची ती जाहिरात होती, हे खरं. तरी नाव तर होतं. लग्न झालं की 'कु.' गेलं आणि चिठ्ठीही गेली. पुढची चाळीस वर्षं तिनं जे शिवलं त्यावर कुठेच काही नाही.

आमच्या ट्रंकेतल्या गोधडीत दोन नऊवारी लुगडी, एक धोतर आणि वडिलांचा शाळेचा खाकी सदरा आहे. धावदोरा कडेपासून आत आत गेला आहे, आणि मध्यावर येताना टाका थोडा मोठा झाला आहे, बहुधा दिवेलागणीची घाई. धाकट्या आजीची मुलगी म्हणते, आई डावरी होती, टाका बघा कसा कललाय. माझी आई म्हणते, कललेला वगैरे काही नाही. दोघींपैकी कुणाचं खरं, ते सांगू शकणारं माणूस उरलेलं नाही.

यंदा घरात कुणी गोधडी, कुंची, तोरण, काहीही करत असेल तर मागच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं करणारीचं नाव आणि साल तेवढं घालायला सांगा. चार टाके जास्त लागतील. आणि ती 'माझं कशाला' म्हणाली, तर सुईत दोरा तुम्ही ओवून द्या.