निरवानिरव

मंडळाच्या कार्यक्रमांत हल्ली मुलांच्या अ‍ॅडमिशनपेक्षा गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या गप्पा जास्त रंगतात, हे सभासदांच्या लक्षात आलेच असेल. सत्तरच्या दशकात दोन सुटकेसी घेऊन अमेरिकेत आलेली आमची पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली. मुलांची लग्ने झाली, घराचे कर्ज फिटले, मृत्युपत्रही झाले. एक विषय मात्र राहिला. तो कोणी काढला की लगेच "शुभ बोल रे नाऱ्या!" म्हणून कोणीतरी चहा ठेवायला उठते.

जुन्या माणसांकडे यासाठी चांगला शब्द होता : निरवानिरव. कोणाचे देणे फेडायचे, कोणाला काय द्यायचे, हे वडीलधारी माणसे शुद्धीत असतानाच सांगून ठेवत. यंत्रांचा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे नव्हता. आज पेशंटला बोलता येत नसेल, तर व्हेंटिलेटर लावायचा का, नळीतून अन्न द्यायचे का, हृदय बंद पडले तर छाती दाबून पुन्हा सुरू करायचे का, हे डॉक्टर घरच्यांना विचारतात. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी न्यू जर्सीत आणि फोन रात्री दोन वाजता! आईवडिलांना काय हवे होते ते दोघांनाही ठाऊक नसेल, तर भावाबहिणींत कायमचे वितुष्ट येऊ शकते.

या देशात १९९० साली झालेला एक कायदा डिसेंबर १९९१ पासून लागू आहे. त्यानुसार दाखल होणाऱ्या प्रौढ पेशंटला त्याच्या या हक्कांची लेखी माहिती हॉस्पिटलने द्यायची असते. कागद मुख्यतः दोन. 'लिव्हिंग विल'मध्ये कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत ते लिहायचे. 'हेल्थ केअर प्रॉक्सी'मध्ये आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नाव द्यायचे. (काही राज्यांत या कागदांची नावे वेगळी आहेत.) फॉर्म फुकट मिळतो, वकील लागत नाही. कुठे दोन साक्षीदार लागतात, कुठे नोटरी चालतो. आपण स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर प्रॉक्सीला अधिकार नसतो, आणि नाव केव्हाही बदलता येते. थोरला मुलगा म्हणून त्याचेच नाव घालावे असे नाही. ज्याला "आता पुरे" असे धीराने म्हणता येईल, त्याचे घालावे.

पण कागद भरणे हे काम त्यातले सोपे. कठीण आहे ते बोलणे, आणि ते मराठीतूनच व्हायला हवे. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाने आईला हॉस्पिस म्हणजे "आता घरी नर्स येणार" एवढेच सांगितले. त्याचा हेतू चांगलाच होता. आईला मात्र शेवटपर्यंत आपण बरे होणार असेच वाटत राहिले. अनेक वर्षे अबोला धरलेल्या भावाला फोन करायचे तिच्या मनात होते, ते राहून गेले. अशा वेळी मुलांना दुभाषे करू नये. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुभाषा विनामूल्य द्यावा लागतो, बहुधा तो फोनवर असतो. मात्र "मराठी" असे स्पष्ट सांगावे, नाहीतर हिंदीवाला येतो.

हॉस्पिस म्हणजे हात टेकणे नव्हे. आजार नेहमीच्या गतीने गेला तर सहा महिने किंवा कमी आयुष्य उरले आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले की मेडिकेअर त्याचा खर्च उचलते. आजार बरा करण्याचे उपचार थांबतात. वेदना आणि धाप यांवरचे चालू राहतात, आणि तेही बहुधा घरीच. मन बदलले तर बाहेर पडता येते. ग्रीन कार्डावर नुकत्याच आलेल्या आईवडिलांना मात्र पहिली पाच वर्षे सहसा मेडिकेअर मिळत नाही. त्यांच्यासाठी आधीच चौकशी करावी.

मग त्या उरलेल्या दिवसांत करायचे काय? कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी एक साधी पद्धत काढली, तिच्यावरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जिवंत वाटला, घरच्यांनी काय लक्षात ठेवावे, त्यांना काय सांगायचे राहिले, असे प्रश्न पेशंटला विचारायचे, उत्तरे उतरवून काढायची, त्याला वाचून दाखवायची आणि तो कागद घरच्यांसाठी त्याच्याकडे द्यायचा. हे काम नातवंडेही टेप लावून करू शकतील.

आम्ही दोघांनी गेल्या पितृपक्षात एकमेकांना हेच प्रश्न विचारले. पन्नास वर्षांच्या संसारानंतर कळले की आमच्यापैकी एकाला अस्थी नाशिकला गोदावरीत हव्या आहेत आणि दुसऱ्याला इथल्याच नदीत, मुलांच्या जवळ. एकाला शेवटच्या दिवसांत घर माणसांनी भरलेले हवे, दुसऱ्याला शांतता. दोघांचेही लिहून ठेवले. मुलगी आधी रडली, मग तिनेच नीट प्रश्न विचारले.

दरवर्षी थंडीत पुण्याला जाणाऱ्यांनी इथला कागद तिथे चालेल असे धरून चालू नये. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा पत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते.

थँक्सगिव्हिंगला मुले घरी येतील. जेवण झाले की टीव्ही बंद करून अर्धा तास काढावा. सुरुवात यंत्रांपासून करू नये, "मला काय महत्त्वाचे वाटते" इथून करावी. कागदाची एकेक प्रत प्रॉक्सीला आणि डॉक्टरांना द्यावी. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. शनिवारी रात्री बँक उघडत नाही.