व्हिएतनामचा किनारा : पर्यटकाचा आणि रहिवाशाचा

व्हिएतनामला सुमारे ३,२६० किलोमीटर लांबीचा सागरकिनारा लाभला आहे. आठ दिवसांसाठी गेलेला पर्यटक तेथील वाळू आणि मासळीबाजार पाहून परततो. परंतु नोकरी-व्यवसायानिमित्त जो परदेशी तेथे वास्तव्य करतो, त्याने हा किनारा कसा समजून घ्यावा? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

पहिली गोष्ट ऋतूंची. दक्षिणेकडील फू क्वॉक बेटावर मे ते ऑक्टोबर हा पावसाळा असतो. मध्य किनाऱ्यावरील दा नांग व होई आन येथे मात्र मुख्य पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर या काळात पडतो. त्या दिवसांत समुद्र खवळला की होई आनसमोरील कू लाओ चाम बेटांकडे बोटी जात नाहीत. पर्यटकाला ठरलेल्या तारखेलाच निघावे लागते. रहिवासी मात्र हवामान पाहून दिवस निवडू शकतो. कू लाओ चाम येथे २००९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना मनाई आहे, म्हणून कापडी पिशवी सोबत घ्यावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. परदेशी व्यक्ती जेथे मुक्काम करते, तेथील यजमानाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. त्यामुळे एका रात्रीसाठी बेटावर जातानाही पारपत्र जवळ असावे. १ जुलै २०२५ रोजी देशातील ६३ प्रांत व महानगरांची संख्या ३४ वर आली. तेव्हापासून होई आन दा नांगमध्ये, तर वुंग ताऊ आणि कोन दाओ बेटे हो ची मिन्ह महानगरात समाविष्ट झाली आहेत. जुने नकाशे वापरताना हे ध्यानात ठेवावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाषेची. 'मा' हा एकच उच्चार सहा सुरांत केला की भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा अर्थ होतात. १६१७ साली तेथे पोहोचलेले पोर्तुगीज येशूसंघीय फादर फ्रान्सिस्को द पिना हे ही भाषा अस्खलित बोलणारे पहिले युरोपीय मानले जातात. होई आनच्या परिसरात राहून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रोमन अक्षरांत लिहिण्याचा पाया घातला. डिसेंबर १६२५ मध्ये त्याच किनाऱ्यालगत बोट उलटून फादर पिना बुडाले. त्यांचे विद्यार्थी फादर अलेक्सांद्र द रोद यांनी १६५१ साली रोममध्ये व्हिएतनामी शब्दकोश प्रसिद्ध केला. एका लहान स्थानिक मुलाने आपल्याला तीन आठवड्यांत सर्व सूर शिकविले, असे फादर रोद यांनी नमूद केले आहे. व्हिएतनामला जाण्यापूर्वी ते काही काळ गोव्यात राहिले होते. मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणाऱ्या फादर स्टीफन्स यांची कर्मभूमीही तीच! आज व्हिएतनामी मुले त्याच रोमन लिपीत आपला पहिला धडा गिरवितात.

भाषा कळू लागली की स्थळांचा अर्थही उलगडतो. वुंग ताऊच्या टेकडीवर बाहू पसरलेली ३२ मीटर उंचीची ख्रिस्तमूर्ती आहे. याच शहरातून कोन दाओकडे बोटी सुटतात. आज तेथे निळेशार पाणी आणि हॉटेले दिसतात; पण १८६२ पासून १९७५ पर्यंत हे बेट कारागृह होते. वो थी साऊ या तरुणीला १९५२ साली तेथेच गोळ्या घालून ठार करण्यात आले. तिच्या समाधीपाशी लोक रात्री उशिरा येऊन उदबत्त्या लावतात. नवख्या माणसाला ती केवळ गर्दी वाटते. तेथे राहणाऱ्याला मात्र कळते की आपण लोकांच्या दुःखापाशी उभे आहोत, आणि त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

म्हणून व्हिएतनाममध्ये राहावयास जाणाऱ्याने बेटांची यादी करण्यापूर्वी शेजारच्या एखाद्या मुलाकडून ते सहा सूर शिकून घ्यावेत. चुका होतील, मूल हसेल. परंतु त्या हसण्यातूनच परकेपणा सरू लागेल.