ठरवलेले आणि घडलेले

"आणखी किती वर्षं?" हा प्रश्न निघाला नाही असे कुवेतमधले एकही मराठी हळदीकुंकू नसेल. उत्तरही ठरलेले. "बस, दोनच! मुलाची बारावी झाली की निघालो." सालमियातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून आम्ही हे उत्तर गेली एकोणीस वर्षे देत आहोत. आलो तेव्हा करार दोन वर्षांचा होता, म्हणून सोफा घेतला नाही. सूक अल-जुमातून, म्हणजे शुक्रवारच्या बाजारातून, जुन्या खुर्च्या आणल्या. जायचेच तर आहे! त्या खुर्च्या अजून आहेत. एकीचा पाय दोरीने बांधला आहे, एवढेच.

मध्यंतरी आमच्यापैकी एकाला ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी व्यवस्थापनाचे थोडे वाचन करावे लागले. त्यातून 'स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट सोसायटी' या संस्थेची ओळख झाली. धंद्याची व्यूहरचना कशी होते, कशी फसते, याचा विचार करणाऱ्यांची ही आंतरराष्ट्रीय संघटना. १९८१ साली लंडनला पहिली बैठक झाली, १९८२ साली माँट्रियलला पदाधिकारी निवडले आणि १९८३ साली पॅरिसला घटना मंजूर झाली. आधी माणसे जमली, मग समिती, शेवटी घटना. अगदी आपल्या मंडळांसारखेच!

या संस्थेत तीन प्रकारचे लोक एकत्र बसतात. शिकवणारे प्राध्यापक, कंपन्या चालवणारे आणि सल्ला देणारे. पोथीतली वांगी पोथीतच राहू नयेत, हा त्यामागचा हेतू. कोइमतूरला जन्मलेले, अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकलेले आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात नावाजलेले प्रा. सी. के. प्रल्हाद २०१० साली वारले. ज्याच्या अभ्यासाचा प्रत्यक्ष व्यवहारावर परिणाम झाला अशा विद्वानाला ही संस्था त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

पण आम्ही थबकलो ते संस्थेच्या नियतकालिकातल्या एका लेखापाशी. तो १९८५ साली हेन्री मिंट्झबर्ग आणि जेम्स वॉटर्स यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे साधे आहे. व्यूहरचना दोन वाटांनी जन्मते. एक, आपण आधी ठरवतो आणि तसे करतो. दुसरी, आपण रोज काही ना काही करत जातो आणि मागे वळून पाहिले की त्यात एक नक्षी दिसते. ती कोणी आखलेली नसते, पण तीच आपली खरी व्यूहरचना असते. शिवाय काही वेळा बाहेरची परिस्थितीच ती आपल्यावर लादते.

होंडाची गोष्ट याच जातीची. १९५९ साली होंडाचे लोक अमेरिकेत गेले ते मोठ्या मोटरसायकली विकायला. त्या गाड्यांतून तेल गळू लागले, क्लच बिघडू लागले. पण ही माणसे स्वतः लॉस एंजलिसमध्ये पन्नास सीसीच्या छोट्या गाड्यांवरून कामे उरकत. लोक त्याच गाड्यांची चौकशी करू लागले आणि धंदा त्या छोट्या गाड्यांनी उभा केला!

आता आपल्या कुवेतकडे पाहा. तेल कधीतरी संपणार हे ओळखून, स्वातंत्र्याच्याही आठ वर्षे आधी, १९५३ साली लंडनमध्ये गुंतवणूक मंडळ स्थापन झाले. १९७६ साली भावी पिढ्यांसाठी निधी निघाला आणि सरकारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्यात टाकण्याचा कायदा झाला. हे झाले ठरवलेले. २ ऑगस्ट १९९० ला जे झाले ते मात्र लादलेले. एक लाखाहून अधिक भारतीय बांधव हातातल्या बॅगेनिशी निघाले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी घरी पोचले. त्या संकटात आणि नंतरच्या उभारणीत देशाच्या उपयोगी पडली ती हीच परदेशातली पुंजी. ती साठवली तेल संपेल त्या दिवसासाठी. खर्च झाली घर परत उभे करण्यासाठी. ठरवलेले वाया गेले नाही, पण ठरवले तसेही घडले नाही.

हे वाचून एका शुक्रवारी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. डाव्या पानावर, येताना काय ठरवले होते. दोन वर्षे, पुण्यात फ्लॅट, परत. उजव्या पानावर, प्रत्यक्ष काय केले. फ्लॅट झाला, पण त्यात आम्ही सगळे मिळून सुट्टीतले दिवसच राहिलो. गावी आईच्या आजारपणात वेळेवर पोचलो नाही, हेही त्याच पानावर लिहावे लागले. लिहिताना दोघेही गप्प होतो.

पण त्याच पानावर आणखी एक ओळ निघाली. मुलीला मराठी वाचता यावे म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरी बाराखडी सुरू केली होती. शेजारची दोन मुले येऊन बसली. पुढे चौदा झाली. फी नाही, पाटी नाही, दोरी बांधलेली खुर्ची मात्र आहे! अकरा वर्षे हा वर्ग चालू आहे. "परत जाऊन करणार काय?" या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षे उत्तर शोधत होतो, आणि ते दर गुरुवारी आमच्याच घरात चटईवर बसत होते.

मंडळी, इथला इकामा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की निघायचे, हे आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रश्न परत जायचे की नाही हा नाहीच. जाताना बरोबर काय न्यायचे हा आहे. तेव्हा एका शुक्रवारी तुम्हीही वही उघडून बसा. डावे पान सगळ्यांचे जवळजवळ सारखेच निघेल. उजवे पान मात्र ज्याचे त्याचे. ते नवराबायकोने एकत्र लिहावे, आणि मुले मोठी असतील तर त्यांनाही विचारावे. त्यांचे उत्तर आपल्याला वाटते त्याहून वेगळे असू शकते. आमच्या मुलीचे होते.

आम्ही आता "दोनच वर्षं" म्हणणे सोडले आहे. महिना आणि साल ठरवले आहे. तसेच घडेल असे नाही, पण ठरवले आहे. आणि हो, सोफाही घेतला!