शेवटी थिजेल तो रायझर

‘कॉम्प्युटरवर साचा डिझाइन केला, तर कास्टिंगमध्ये पोकळी राहतेच कशी?’ असं कोल्हापूरहून डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या जवळ असलेल्या मुलाने हे विचारावं, याचा फार आनंद झाला.

धातू थिजताना आकसतो आणि थिजल्यावर निवतानाही आकसतो. म्हणून पोलादासाठी पॅटर्न, म्हणजे वाळूत साच्याचा ठसा उमटवणारा नमुना, साधारण 2 टक्के मोठा ठेवतात आणि तो वाळूतून अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना अंश-दोन अंशांचा उतार देतात. एवढं काम कॅड चुटकीसरशी करतं. खरी मेख पुढेच आहे. जो भाग सगळ्यांत शेवटी थिजतो, त्याची तूट भरायला रस उरलेला नसतो. पोकळी पडते ती तिथेच. यावर उपाय रायझरचा, म्हणजे जॉबला (ओतायच्या भागाला) जोडलेल्या रसाच्या जादा साठ्याचा. तो जॉबनंतर थिजला, की पोकळी त्याच्यात पडते आणि त्याला कापून टाकता येतं.

पण आधी कोण थिजणार, हे ओतण्यापूर्वी सांगायचं कसं? 1940 साली निकोलस ख्वोरिनोव्ह या चेक अभियंत्याने ते सांगितलं. घनफळाला पृष्ठफळाने भागा आणि वर्ग करा. थिजण्याचा वेळ त्या प्रमाणात. परातीत पसरलेला भात पातेल्यातल्या भाताआधी निवतो, त्यातलंच हे गणित. 10 सेंटिमीटर बाजूच्या घनाचा भागाकार 1.67 येतो. त्याच वजनाच्या 25 × 20 × 2 सेंटिमीटर पाटीचा 0.85. भागाकार दुप्पट, म्हणून घन थिजायला जवळजवळ चौपट वेळ! किती सुंदर नियम आहे हा, आणि त्याच्या कर्त्याचं नाव फौंड्रीबाहेर कुणाला ठाऊक नाही.

आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेल्या ‘ऑटोकास्ट’सारखी सॉफ्टवेअर आज साच्यात कुठला भाग शेवटी थिजेल ते पडद्यावर रंगवून दाखवतात. ती निश्चित उपयोगाची आहेत. मात्र ‘शून्य रिजेक्शन’च्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. आपण भरलेल्या आकड्यांवरच सॉफ्टवेअर हिशेब करतं. वाळूत ओल वाढली, की वाफेने ब्लो होल पडतात. रस थंड ओतला, तर पातळ कडा भरत नाहीत. शिवाय ग्रे आयर्न थिजताना त्यातलं ग्रॅफाइट फुगतं आणि आकसण्याची बरीच भरपाई करतं. तिथे पोलादाच्या हिशेबाचा रायझर लावला, तर धातू वायाच जातो.

म्हणून माउस हातात घेण्याआधी वरचा घन पोलादाचा धरून हिशेब कागदावर करावा. रायझरचा भागाकार जॉबच्या 1.2 पट हवा, म्हणजे 2. उंचीइतकाच व्यास असलेल्या रायझरचा भागाकार व्यासाच्या सहाव्या हिश्शाएवढा असतो. तेव्हा व्यास 12 सेंटिमीटर. पडद्यावर 6 सेंटिमीटरचा रायझर पुरेसा दिसत असेल, तर भरलेले आकडे पुन्हा तपासायचे.