वेपची कॉइल घरी गुंडाळताय? आधी कायदा आणि करंट समजून घ्या

राळेगाव : शेतातला पंप जळाला की मोटार रिवाइंडिंगला टाकायची, हे राळेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला नवे नाही. वेप म्हणजेच ई-सिगारेटची जळालेली कॉइल घरी गुंडाळण्याचे व्हिडिओही आता मोबाइलवर सहज दिसतात. तार तीच, वेटोळे तेच, मग बिघडले कुठे?

कॉइल करते काय?
पंपाच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार तापू नये, अशी काळजी घेतली जाते. वेपचे काम नेमके उलटे. त्यात नायक्रोम किंवा कॅन्थलची उघडी तार मुद्दाम तापवतात. वेटोळ्यातून ओवलेला कापूस निकोटिनचे द्रव शोषतो, तार तापली की त्याची वाफ होते आणि ती ओढली जाते. कापूस कोरडा पडला तर तो जळतो. जास्त तापलेल्या द्रवातून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिनसारखी घातक रसायने तयार होतात.

धोका कुठे?
हिशेब साधा आहे : व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर. पूर्ण चार्ज झालेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्ट देते. कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर करंट ओढला जातो. एखादे वेटोळे चुकून ०.१ ओहमचे झाले, तर तोच आकडा ४२ वर जातो. मोबाइलच्या साध्या चार्जरमधून साधारण २ अँपिअर करंट येतो, यावरून अंदाज यावा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या बॅटऱ्या एवढा भार सोसण्यासाठी बनवलेल्या नसतात. त्या तापून पेट घेऊ शकतात, फुटू शकतात; आणि वेप असते तोंडाजवळ.

कायदा काय सांगतो?
केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांना मनाई आहे. महत्त्वाचे म्हणजे ही मनाई पूर्ण उपकरणापुरती नाही, त्याच्या ‘कोणत्याही भागाला’ही लागू आहे. द्रवात निकोटिन नसले तरी सुटका नाही.

नायक्रोमची तार हीटरसाठी मिळते, ती बाळगणे गुन्हा नाही. पण तिची वेपसाठी कॉइल बनवली, की उपकरणाचा भाग तयार केल्याचा प्रश्न उभा राहतो. मित्रांना विकली, तर शंकेलाही जागा उरत नाही.

शिक्षा किती?
- पहिला गुन्हा : १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही
- पुन्हा गुन्हा : ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड
- साठा ठेवणे : ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही

द्रवही घरचे नको
अमेरिकेत २०१९ मध्ये वेपमुळे फुप्फुसाच्या आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ जण दगावले. अनेक रुग्णांच्या द्रवात ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ची भेसळ आढळली. बाटलीत काय मिसळले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

खर्रा सोडण्यासाठी वेप, हा सल्लाही कानावर येतो. पण त्यात निकोटिनची सवय तशीच राहते. खर्रा, विडी किंवा वेप सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे. तिथे समुपदेशक मोफत मार्गदर्शन करतात.