शिरपूर नेमके कुठे?

मोबाइलवरच्या नकाशात नुसते ‘शिरपूर’ लिहून पाहा. बहुतेक वेळा नकाशा आपल्याला धुळे जिल्ह्यात नेऊन सोडतो. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर, म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन, तिथून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आहे. नाव एकच, पण अक्षांश-रेखांश वेगळे. आपल्या शिरपूरचे ते साधारण २०.२ अंश उत्तर आणि ७७ अंश पूर्व.

अक्षांश-रेखांशाची व्याख्या पाठ करून आपण सगळ्यांनीच गुण मिळवले. पण स्वतःच्या गावाचे आकडे कितीजणांना सांगता येतील? भूगोलाचा तास म्हणजे कोरा नकाशा, त्यात रंगीत पेन्सिलने भरलेल्या नद्या आणि ‘चूक की बरोबर’ एवढ्यावरच थांबतो. आता मात्र साधने बदलली आहेत. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप, २००५ पासूनचे गुगल अर्थ आणि इस्रोने २००९ मध्ये आणलेले ‘भुवन’ ही तिन्ही शिक्षकांना विनामूल्य वापरता येतात. शालेय अभ्यासक्रमासाठी ‘स्कूल भुवन’ असे वेगळे दालनही आहे. वर्गात एकच संगणक असला तरी काम भागते. इंटरनेट रडतखडत चालत असेल, तर घरून नकाशा छापून आणता येतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. सातव्या शतकातील गणिती पहिला भास्कर याने ‘महाभास्करीय’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरच्या गावांची यादी दिली आहे. तीत अवंती, म्हणजे उज्जैन आहे आणि वत्सगुल्मही आहे. म्हणजे आज ग्रिनिचला जो मान आहे, त्या मानात वाशीमचाही वाटा होता!

आता विद्यार्थ्यांना नकाशात दोन्ही ठिकाणांचे रेखांश पाहू द्या. उज्जैन सुमारे ७५.८, वाशीम सुमारे ७७.१. फरक जेमतेम सव्वा-दीड अंशाचा, पण जमिनीवर तो १४० किलोमीटरच्या आसपास भरतो. मग जुने विद्वान चुकले का? पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. म्हणजे दोन्ही गावांच्या स्थानिक वेळेत साडेपाच मिनिटांच्या आतबाहेर फरक. त्या काळी रेखांशातील अंतर काढण्याचा एक मार्ग म्हणजे चंद्रग्रहण दोन ठिकाणी कोणत्या स्थानिक वेळी दिसले ते ताडून पाहणे. घटिकापात्राने वेळ मोजताना पाच-सहा मिनिटांची तफावत धरणे किती अवघड, हे मुलांना लगेच उमगते. रेखांश म्हणजे मुळात वेळ, ही गोष्ट अशी उलगडली की पुन्हा पाठ करावी लागत नाही.

दुसरा धडा पाण्याचा. वाशीमजवळच्या काटा परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे अकोल्याच्या दिशेने जाते, पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात पोहोचते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडची पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. उपग्रहचित्रात आपल्या शेताजवळच्या नाल्यावर बोट ठेवून खाली खाली जायला सांगा. आपल्या शिवारातले पाणी कुठे जाते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला नाल्यात टाकलेला कचराही कुठे जाईल ते वेगळे सांगावे लागत नाही.

इथेच भूगोल आरोग्याला येऊन मिळतो. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेच्या आसपास माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडली. खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटल्या होत्या. पंपाचा दांडा आधीच काढला गेला होता आणि साथही ओसरू लागली होती. नकाशा नंतर प्रसिद्ध झाला. पण रोग दूषित हवेतून नव्हे, पाण्यातून पसरतो, हे पटवायला तो फार उपयोगी पडला. आपल्या गावातले हातपंप, विहिरी, नळाचे कोंडाळे, साचलेली डबकी असा नकाशा आठवीतली मुलेही एका रविवारी तयार करू शकतात. त्यात रुग्णाचे नाव किंवा घर मात्र कधीही टाकू नये. गल्ली किंवा वस्ती पुरेशी आहे.

रंगीत नकाशा दिसला की त्यावर विश्वास बसतो, म्हणून तो वाचायलाही शिकवले पाहिजे. समजा, पुणे आणि वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत एखाद्या आजाराचे शंभर-शंभर रुग्ण सापडले. संख्येनुसार रंग भरले तर दोन्ही जिल्हे सारखेच दिसतील. पण २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ९४ लाख होती आणि वाशीमची सुमारे १२ लाख. दर लाखामागे पाहिले, तर पुण्यात एक रुग्ण आणि वाशीममध्ये आठ. माहिती तीच, नकाशे दोन. कोणता बघून औषधांचा साठा पाठवायचा, यावर एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नशीब ठरू शकते. प्रत्येक नकाशाला मुलांनी तीन प्रश्न विचारावेत: आकडे कुठले, कधीचे आणि कशाने भागलेले?

येत्या सुट्टीत घरातल्या मुलाला फोन हातात द्या आणि एवढेच सांगा, ‘आपले घर शोध, आणि आपल्या अंगणातले पाणी कुठल्या समुद्राला जाते ते मला सांग.’ उत्तर शोधताना बहुधा तुम्हीही त्याच्या शेजारी जाऊन बसाल.