जखमी डोळा आणि शेतातील पाणी

पिशोरच्या शिवारात मका, कपाशी, ऊस व आले ही पिके घेतली जातात. या सर्वच पिकांच्या कामात डोळ्यास इजा होण्याचा संभव असतो. उसाचे पाते डोळ्यास घासून जाते, मळणीच्या वेळी तूस उडते, आले खणताना चिखलाचा शिंतोडा बसतो. अशा वेळी शेतकरी चारीतील किंवा हौदातील पाण्याचा हबका डोळ्यावर मारतो. हेतू चांगला असला तरी याच पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो.

हा जीव माती, नदी, विहीर, टाकी, इतकेच काय, नळाच्या पाण्यातही आढळतो. धडधाकट डोळ्यास तो सहसा अपाय करीत नाही. परंतु बुबुळावरील पारदर्शक पडद्यास ओरखडा पडला की त्यास आत शिरण्यास वाट मिळते. परिस्थिती प्रतिकूल झाल्यास तो स्वतःभोवती दुहेरी कवच तयार करतो व कोरड्या मातीतही वर्षानुवर्षे तग धरतो. पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनने हे कवच भेदले जात नाही. यास्तव ब्लीचिंग पावडर टाकलेले विहिरीचे पाणी पिण्यास योग्य असले तरी जखमी डोळ्यास योग्य असतेच असे नाही.

अमेरिकेत 1973 साली टेक्सासमधील एका पशुपालकाच्या जखमी डोळ्यात हा रोग ओळखला गेला. पाश्चात्त्य देशांत तो मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांस होतो. आपल्या देशातील चित्र निराळे आहे. येथील बहुतेक रुग्णांनी लेन्स कधी पाहिलेलीही नसते. इजा, माती व अस्वच्छ पाणी हीच कारणे आढळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉक्टरांनी 2000 साली लेन्स न वापरणाऱ्या अशाच रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली.

डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. पुष्कळदा ठणका इतका असतो की बाहेरून दिसणाऱ्या जखमेशी त्याचा मेळ बसत नाही. हा रोग बुरशीच्या किंवा नागिणीच्या विषाणूच्या रोगासारखा दिसतो, म्हणून चकवतो. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडयुक्त थेंबांनी लाली तात्पुरती ओसरते, रोग मात्र आत पसरतो. पदराच्या टोकाने वा जिभेने कुसळ काढणे, डोळ्यात दूध किंवा झाडपाल्याचा रस घालणे, हेही तितकेच घातक होय.

निदानासाठी बुबुळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. उपचार आरंभी दर तासाला थेंब घालून करतात व ते अनेक महिने चालतात. उशीर झाल्यास फूल पडते आणि नेत्ररोपणाची पाळी येते. जिल्ह्याच्या ठिकाणी घाटी रुग्णालयात नेत्रविभाग आहे. आशाताईंनी अशा रुग्णास दोन दिवसही घरी थांबू देऊ नये.

शेतात जाताना उकळून गार केलेल्या पाण्याची झाकणाची बाटली जवळ असावी. मळणीच्या वेळी साधा चष्माही उपयोगी पडतो. लेन्स वापरणाऱ्या तरुणांनी त्या नळाच्या पाण्याने धुऊ नयेत व विहिरीत पोहण्यापूर्वी काढून ठेवाव्यात. फवारणीचे औषध डोळ्यात उडाल्यास मात्र उकळलेल्या पाण्याची वाट पाहत बसू नये. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने डोळा भरपूर धुवावा व तडक दवाखाना गाठावा.